दादाचा डबा

मुस्तफा आठवतो का?

हे नाव वाचून ज्यांची बोटं आपोआप टेबलावर टकटक करायला लागली, त्यांना पुढचं फारसं समजावून सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी आपल्या टीममधल्या पस्तिशी-चाळिशीच्या एखाद्या सिनियरला गाठून विचारावं. एक्सेल शीट मिनिमाइझ करून तो पाच मिनिटं नॉनस्टॉप बोलेल, गॅरंटी!

गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली एका अमेरिकन कॉमिक्सवरून तो काढला. खेळायला चौघं होती : जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा. पण आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जाऊन ‘कॅडिलॅक्स लावा’ म्हणाला असतात, तर मालकाने तुम्हाला गॅरेजचा पत्ता दिला असता. आपल्या पब्लिकने हिरोच्या नावावरून गेमचं बारसं केलं आणि विषय संपवला. २०१८ साली कॅपकॉमने आपल्या जुन्या मारामारीच्या सात गेम्सचा गठ्ठा विकायला काढला. त्यात मुस्तफा नव्हता! मग काय उपयोग त्या गठ्ठ्याचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मला मुस्तफा भेटला तो चौकला. चौक म्हणजे जुन्या मुंबई-पुणे हायवेवरचं, खालापूर तालुक्यातलं, जिथून कर्जतकडे वळता येतं ते. तुम्ही लोणावळ्याला एक्स्प्रेस वेने सुसाट जाणारी मंडळी, तुम्ही कशाला थांबताय तिथे! माझ्या आत्याचं घर चौकला, त्यामुळे मे महिन्याची सुट्टी पण चौकला. हायवेच्या कडेला एक पत्र्याची खोली, आत तीन मशिनं, घरघरणारा एक पंखा आणि रुपया टाकला की एक गेम. मुलींनी आत जायचं नसतं हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. माझा आतेभाऊ, म्हणजे दादा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो मला हाताला धरून आत न्यायचा, स्टुलावर उभं करायचा आणि बघणाऱ्यांना एवढंच सांगायचा, “बहीण आहे माझी. खेळणार आहे.” बस. पुढे कोणाची बोलायची टाप नव्हती, कारण त्या खोलीत एका रुपयात शेवटच्या बॉसपर्यंत पोचणारा तो एकटाच.

२००२ मध्ये एक्स्प्रेस वे पूर्ण सुरू झाला, जुन्या हायवेची वर्दळ आटली, तिकडे घराघरात कॉम्प्युटर शिरले. त्या खोलीत पुढे मोबाइल रिचार्जचं दुकान आलं.

आणि दादा नोकरीला लागला. खालापूर-खोपोलीच्या पट्ट्यात कारखान्यांना तोटा नाही. त्यातल्याच एका कारखान्यात (नाव लिहीत नाही) तो पॉवर प्रेसवर होता. पत्र्याचे पार्ट ठोकणारं मशीन. चार वर्षांपूर्वी त्या प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं.

लाइफस्टाइलच्या पानावर हे काय, असं वाटत असेल. पण मला आज तुम्हाला बटणाबद्दल सांगायचंय, आणि बटणाचा विषय इथूनच सुरू होतो.

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. एक डावीकडे, एक उजवीकडे, एका हाताने दोन्ही गाठता येणार नाहीत इतक्या अंतरावर. दोन्ही बटणं जवळजवळ एकाच वेळी, अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच ठोका पडतो. म्हणजे ठोका पडताना तुमचे दोन्ही हात बटणांवर, अर्थात प्रेसच्या बाहेर. किती साधी आणि हुशार आयडिया! चांगल्या सर्किटमध्ये आणखी एक अट असते : दोन्ही बटणं सोडल्याशिवाय पुढचा ठोका नाही. दादाच्या मशीनवर ते सर्किट नव्हतं. प्रॉडक्शन वाढावं म्हणून एक बटण कायमचं दाबून त्यावर चिकटपट्टी मारलेली होती. एक हात मोकळा झाला, पार्ट भराभर सरकवायला. हा प्रकार एकाच कारखान्यातला असता तर बरं झालं असतं. ‘सेफ इन इंडिया’ नावाची संस्था २०१९ पासून वाहन उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतल्या अशा अपघातांवर रिपोर्ट काढते. त्या रिपोर्टचं नावच ‘क्रश्ड’ आहे. त्यात पॉवर प्रेस आणि गेलेली बोटं पानोपानी भेटतात. आपल्या ईएमआयवरच्या गाडीचे पार्ट असेही बनतात, एवढं माहीत असावं.

असो. दादा आता दुसऱ्या एका ठिकाणी स्टोअरमध्ये आहे. सही डाव्या हाताने करायला शिकला, बाइक चालवतो, गणपतीत ढोलकी वाजवतो. एकच गोष्ट सुटली, ती म्हणजे गेम. त्याच्या मुलीसाठी मी एक गेमपॅड नेला होता. ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही पण खेळा ना.” त्याने तो हातात धरला, फिरवून बघितला आणि टेबलावर ठेवला. गेमपॅडची रचना आठवा. वरच्या कडेला जी ट्रिगरची बटणं असतात ती तर्जनी आणि मधल्या बोटासाठी. ज्याला ती बोटं नाहीत त्याच्यासाठी तो पॅड म्हणजे अर्धी बटणं गायब असलेला रिमोट.

आता विकतचे पर्याय नाहीत असं नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली ‘एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर’ आणला. दोन मोठी बटणं आणि मागे रांगेने भोकं, ज्यांत आपल्याला जमेल तसे स्विच जोडायचे. वस्तू उत्तम, किंमत तेव्हाच जवळजवळ १०० डॉलर, आणि स्विच वेगळे घ्यायचे. मी दादाला फोटो दाखवला. तो म्हणाला, “अपंगांचा गेम नको मला. सगळे जे खेळतात तेच दे.”

दादाला मनवायचं सोडून मी गुगलला बसले, आणि तिथे मला एक अख्खी दुनिया सापडली.

जगभर असे हजारो लोक आहेत जे स्वतःचे आर्केड कंट्रोलर घरी बनवतात. हौस म्हणून! लाकडाचा किंवा प्लास्टिकचा डबा, वर पार्लरच्या मशिनवर असायची तीच गोल बटणं, आत एक छोटा सर्किट बोर्ड, आणि त्यावर चालणारं फुकटचं, ओपन सोर्स फर्मवेअर. फर्मवेअर म्हणजे चिपमध्ये कायम बसून राहणारा प्रोग्राम. ‘कोणतं बटण दाबलं’ हे कॉम्प्युटरला सांगणं एवढंच त्याचं काम. पूर्वी हे लोक आर्डुइनो वापरायचे. २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावात जन्मलेला तो निळा बोर्ड इंजिनियरिंग केलेल्या प्रत्येकाने प्रोजेक्टसाठी एकदा तरी जाळलेला असतो. मग जानेवारी २०२१ मध्ये रास्पबेरी पाय पिको आला. च्युइंगमच्या पट्टीएवढा बोर्ड, किंमत ४ डॉलर, आणि आरपी२०४० नावाची चिप. लगेच एका बहाद्दराने तिच्यासाठी जीपी२०४० नावाचं फर्मवेअर लिहिलं. आता ते जीपी२०४०-सीई म्हणून ओळखलं जातं. ‘सीई’ म्हणजे कम्युनिटी एडिशन. कोणीही घ्या, बदला, विका. लायसन्स एमआयटीचं, कोणी अडवत नाही.

फंडा एकदम सोपा आहे. पिकोच्या प्रत्येक पिनला आतून एक रेझिस्टर हळूच वर, ३.३ व्होल्टला धरून ठेवतो. बटणाची एक तार त्या पिनला, दुसरी ग्राउंडला. बटण दाबलं की पिन ग्राउंडला टेकते, व्होल्टेज शून्यावर येतं, फर्मवेअर म्हणतं ‘दाबलं’. संपलं! सगळ्या बटणांचं ग्राउंड एकच असतं, त्यामुळे एकाच तारेची माळ करून या बटणावरून त्या बटणावर फिरवायची, दिवाळीच्या लायटिंगसारखी. गंमत म्हणजे पार्लरमधल्या मशिनचं वायरिंगही असंच असायचं. १९८५ च्या सुमारास जपानी कंपन्यांनी जॅमा नावाचं ५६ पिनांचं कनेक्टर ठरवून टाकलं, म्हणून तर मालक संध्याकाळी गेमचा बोर्ड काढून त्याच पेटीत दुसरा बसवू शकायचा. पेटी तीच, बटणं तीच, आज स्ट्रीट फायटर, उद्या मुस्तफा.

मग इतकं सोपं आहे तर फर्मवेअरने एवढं काय मोठं केलं? एक म्हणजे वेग. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. स्वस्तातले बरेच बोर्ड सेकंदाला १२५ वेळाच बटणांची खबर देतात, म्हणजे दोन खबरांमध्ये ८ मिलिसेकंद, अर्धं चित्र गेलं. जीपी२०४०-सीई सेकंदाला १००० वेळा सांगतं. दुसरं म्हणजे थरथर. बटणाच्या आतला खटका मिटतो तेव्हा तो स्वच्छ मिटत नाही, काही क्षण थरथरतो आणि चिपला वाटतं पाच वेळा दाबलं. फर्मवेअर ती थरथर गाळून टाकतं. आणि तिसरी गोष्ट तर माझी जाम आवडती. पार्लरचा दांडा एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे जाऊ शकत नाही. पण दांड्याऐवजी दिशांची चार बटणं ठेवली तर माणूस दोन्ही एकदम दाबू शकतो. मग हिरोने जायचं कुठे? याचा निकाल फर्मवेअर लावतं, आणि तो काय लागावा हे तुम्ही ठरवता : दोन्ही रद्द, की शेवटी दाबलेलं खरं. यावरून स्पर्धांमध्ये चिक्कार भांडणं झाली आहेत. स्ट्रीट फायटरचा जपानी बादशहा डायगो उमेहारा २०१९ साली असाच एक बटणवाला कंट्रोलर घेऊन उतरला, तर कॅपकॉमने आपल्या टूरमध्ये त्यावर बंदी घातली! आता असे बिनदांड्याचे डबे सर्रास चालतात, फक्त त्या डावं-उजव्याचा निकाल नियमात बसवायचा.

बिनदांड्याचा डबा! हे वाचलं आणि माझी ट्यूब पेटली. बटणं कुठेही बसवता येतात. कुठेही म्हणजे कुठेही. पिन कुठल्या बटणाला जोडायची हे आपल्या हातात, बटण कुठल्या बोटाखाली ठेवायचं हेही आपल्याच हातात. आणि हा अपंगांचा गेम नाही, जगातले चॅम्पियन हेच वापरतात. शिवाय मी दादाला मायकेल बेगमचे व्हिडिओ दाखवले. ‘ब्रोलीलेग्ज’ या नावाने खेळणारा टेक्ससचा हा माणूस. जन्मापासून हातापायांचे सांधे आखडलेले, त्यामुळे गेमपॅड तोंडापाशी घेऊन खेळायचा. चुन-ली घेऊन त्याने भल्याभल्यांना लोळवलं. मार्च २०२४ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, तो गेला. दादाने दोन मॅच बघितल्या. दुसरी संपल्यावर म्हणाला, “हा आपल्या पार्लरला असता तर माझा रुपया गेला असता.”

एवढा होकार मला पुरेसा होता.

शनिवारी ऑफिस नसतं. सकाळी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं त्याचं खरं नाव. पाटीवर सोडून ते कोणी वापरत नाही. पुणेकरांनी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली समजावी, तीच गर्दी, तोच वास. दुकानदाराकडे बटणं मागितली तर त्याने आधी माझ्याकडे, मग माझ्या हँडबॅगेकडे बघितलं आणि विचारलं, “कॉलेजचं प्रोजेक्ट?” कॉलेजच्या वयाची दिसते म्हटल्यावर मी घासाघीस केली नाही. ३० एमएमची १३ बटणं, ६० एमएमचं एक मोठं घुमटाकार, वायरीचा एक गुंडाळा, आणि पिको. खरेदीत एक गोष्ट लक्षात ठेवा. बटणं दोन जातींची असतात. नुसती दाबून ‘टक’ करून बसणारी, ती पातळ पत्र्याला किंवा अ‍ॅक्रिलिकला चालतात. आणि मागून नट आवळायची, ती प्लायला. जपानच्या सान्वाची बटणं या दुनियेत सोन्यासारखी मानतात, दाबली की लोण्यासारखी जातात. पण पहिल्याच डब्याला ती हवीत असं काही नाही. दिवे लागणारी बटणं घ्यायचा मोह आवरा. त्यातल्या दिव्यांना बरेचदा १२ व्होल्ट लागतात आणि पिकोच्या पिनेला तेवढे दिले तर तुमचे ४ डॉलर धूर होऊन खिडकीतून जातील. सगळं मिळून दोन हजारांच्या आत आलं. गेल्या महिन्यातल्या टीम लंचचं माझं बिल याहून जास्त होतं, मेन्यूवर डोळे मिटून बोट ठेवलं होतं म्हणा.

खरं डिझाइन चौकला, ओट्यावर झालं. दादाच्या मुलीने कॅलेंडरचं मागचं कोरं पान अंथरलं, त्यावर दादाने दोन्ही हात ठेवले आणि तिने स्केचपेनने कडेकडेने रेघ मारली. लहान मुलं बालवाडीत मारतात तशी. हात उचलल्यावर त्या कागदावर डावा पंजा पाच बोटांचा आणि उजवा तीन बोटांचा. कोणी काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, “पप्पा, अंगठा कुठे कुठे पोचतो ते दाखवा,” आणि अंगठ्याच्या टप्प्यात टिंबं द्यायला लागली. नऊ वर्षांची पोरगी! आमच्या ऑफिसात याला यूजर रिसर्च म्हणतात आणि त्यासाठी कन्सल्टंट बोलावतात.

ठरलं ते असं. डाव्या हाताला डावं, खाली, उजवं, आणि डाव्या अंगठ्याला वर. उजव्या अंगठ्याच्या टप्प्यात तीन बटणं कमानीत. अनामिकेला दोन, करंगळीला दोन. आणि तळहाताच्या मुळाशी ते मोठं, मनगट नुसतं टेकवलं तरी दबणारं. गेममधल्या सगळ्यात जास्त लागणाऱ्या कामासाठी ते राखून ठेवलं. कोपऱ्यात स्टार्ट आणि सिलेक्ट. एकूण १४. पिकोला वापरता येण्याजोग्या पिना २६, म्हणजे अजून डझनभर बटणांची सोय शिल्लक! आधी बुटांच्या खोक्याला भोकं पाडून त्यात बटणं बसवली आणि दोन दिवस दादाने तसंच खेळून बघितलं. अंगठ्याचं एक बटण बोटभर अलीकडे आलं, करंगळीची दोन्ही खाली सरकली. खोक्यावर हे फुकट होतं, प्लायवर झालं नसतं. तुम्हीही बुटांचं खोकं वापरा, अगदी धडधाकट दोन्ही हात असले तरी. आपला हात कंपनीच्या सरासरी हातासारखा आहे असं आपल्याला उगाच वाटत असतं.

डबा चौकच्याच सुताराकडून. बाजूंना १२ एमएमचा प्लाय, वरची फळी ६ एमएमची, तिला चॉकलेटी सनमायका. सुतारकाकांनी ३० एमएमचं होल सॉ लावून भोकं पाडली आणि विचारलं, “शेगडी करताय का?” त्यांच्या वर्कशॉपच्या दारातून इर्शाळगडाचा सुळका समोर दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हापासून पावसाळ्यात त्या बाजूला नजर गेली की चौकची माणसं बोलता बोलता थांबतात. काकाही थांबले. मग पुढचं भोक पाडलं.

वायरिंगला एक दुपार लागली. सोल्डरिंगची भीती वाटत असेल तर टेन्शन नको. पिना आधीच लावलेला ‘पिको एच’ मिळतो आणि तयार जंपर वायरी त्यावर नुसत्या खोचता येतात. बटणांच्या पत्तीवर दाबून बसणारी कनेक्टर मिळतात. मी मात्र सोल्डरच केलं, मला त्या धुराचा वास आवडतो (खिडकी उघडी ठेवा, तो फ्लक्सचा धूर असतो). दादा मल्टिमीटर घेऊन शेजारी. एकेक बटण दाबायचं, मीटरने ‘बीप’ म्हटलं की तो टिक करायचा. चौदा बीप झाले.

फर्मवेअर टाकायला तर तुमच्या एचआरवाल्या मैत्रिणीलाही जमेल. पिकोवर बूटसेल नावाचं एक पिटुकलं बटण आहे. ते दाबून धरायचं आणि यूएसबी लावायची. कॉम्प्युटरला वाटतं पेनड्राइव्ह आला. जीपी२०४०-सीईची फाइल त्यावर ओढून टाकायची, ड्राइव्ह आपोआप गायब होतो, आणि तुमचा चार डॉलरचा तुकडा गेम कंट्रोलर झालेला असतो. कोडिंगची एक ओळ नाही. वर, खाली, उजवं, डावं हे मुळात २, ३, ४, ५ नंबरच्या पिनांवर असतं. तसंच नको असेल तर स्टार्टचं बटण दाबून धरून यूएसबी पुन्हा लावायची आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ टाइप करायचं. बोर्ड स्वतःच आपलं सेटिंगचं पान दाखवतो! इंटरनेट लागत नाही, ही चौकला पावसाळ्यात फार मोठी सोय. पीसी आणि निन्टेन्डो स्विचवर डबा मुकाट चालतो. प्लेस्टेशन ४ मात्र ८ मिनिटांनी ओळखपत्र मागतो आणि नसलं तर हाकलतो. त्यावर उपाय आहेत, पण ते पुढच्या कधीतरी.

कॅडिलॅकवाला मुस्तफा कायदेशीरपणे विकत मिळत नाही, म्हणून आम्ही स्ट्रीट फायटर ६ लावला. जून २०२३ चा गेम. यात ‘मॉडर्न’ नावाची पद्धत आहे, ज्यात सहाऐवजी कमी बटणांत भागतं, आणि स्पर्धेतही ती चालते. मला वाटलं दादा तीच घेईल. त्याने मेन्यू वाचला, ‘क्लासिक’वर गेला आणि म्हणाला, “सहा बटणं तर सहा बटणं. चौदा कशाला बसवली मग?”

पहिल्या दिवशी तो चाचपडत होता. बोटांना जुन्या जागा आठवत होत्या आणि त्या जागांवर आता बोटंच नव्हती. मधूनच उजवा हात हवेत अडकायचा, जिथे कधीकाळी तर्जनी जायची तिथे. मग तो थांबायचा, मनगट मोठ्या बटणावर टेकवायचा आणि पुन्हा सुरू. आत्या दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा आली ती चहा घेऊन, आणि तिथेच बसली. पोरीकडून तो सलग अकरा वेळा हरला. ती बाप म्हणून सूट देणाऱ्यातली नाही. बारावी मॅच त्याने घेतली तेव्हा तिने निकाल मान्यच केला नाही, लाइट गेले होते म्हणे. (इन्व्हर्टर आहे त्यांच्याकडे.)

याचे उपचार-बिपचार म्हणून काही फायदे असतीलही, मी त्यातली तज्ज्ञ नाही. मला जे दिसलं ते सांगते. इतकी वर्षं तो उजवा हात घरात माणसं आली की खिशात किंवा टॉवेलखाली ठेवायचा. डब्यावर तो ठेवावाच लागतो, सगळ्यांसमोर, उजेडात. पहिल्या आठवड्यानंतर तो खेळून झाल्यावरही तिथेच असायचा.

तुमच्यापैकी काहींना हे सगळं खटपटीचं वाटत असेल. विकत का नाही घ्यायचं? घ्या की. पण दिवसभर काचेवर बोट फिरवून आपली मंडळी कंटाळलेली आहेत, हे मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रोज ऐकते. एक प्लायचा तुकडा, आठ-दहा बटणं आणि दोन वीकेंड. बटण दाबल्यावर खटका लागतो, आणि तो खटका का लागतो हे आपल्याला माहीत असतं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात, २००२ पासून फॅब लॅब आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर निघालेल्या जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅब्सपैकी ती एक. गावातली पोरं तिथे हवं ते सर्किट स्वतः बनवायला शिकतात. पाबळला जमतं, तर पवईला आणि बाणेरला न जमायला काय झालं?

डबा आता सहा महिन्यांचा आहे. सनमायकाच्या एका कोपऱ्यावर चहाचा डाग पडलाय. मागच्या महिन्यात दादाने मला न विचारता १९२.१६८.७.१ उघडलं आणि तळहाताच्या बटणाचं काम बदललं. फोनवर सांगत होता, फेकण्याऐवजी आता ते अडवायला ठेवलंय, कारण मनगट बोटांपेक्षा आधी पोचतं. मग जरा थांबून म्हणाला, “ते प्रेसचं दोन बटणांचं सर्किट, सोडल्याशिवाय ठोका नाही वालं, ते या पिकोवर होतं का गं?”

मी त्याला सांगितलं, लॉजिक शिकायला, समजावून दाखवायला होतं. खऱ्या मशीनवर लावायला मात्र नाही. तिथे त्यासाठी खास बनवलेले सेफ्टी रिले लागतात, एक भाग बिघडला तरी मशीन बंदच पाडणारे. पिको अडकला तर गेम हरतो, प्रेस अडकला तर काय होतं ते त्याला मी सांगायची गरज नव्हती.

“दाखवायलाच हवंय,” तो म्हणाला. त्याच्या आताच्या कंपनीत नवीन पोरं लागली आहेत. त्यांना तोंडी सांगून कंटाळा येतो, पण बटण हातात दिलं तर बसतात समजून घेत. दोन मोठी बटणं, एक दिवा, एक छोटा डबा. दोन्ही एकदम दाबली तर दिवा लागणार, एकावर चिकटपट्टी मारली तर काही केल्या लागणार नाही.

६० एमएमची दोन बटणं कालच घेतली. एक लाल, एक हिरवं. शनिवारी चौकला जातेय.